समजतं सगळं, पण बोलत नाही (सव्वादोन वर्षांच्या मुलाचे शब्द)

रानजाई

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण खरंच मदत हवी आहे.

माझा मुलगा २ वर्षं ३ महिन्यांचा आहे. चालणं, पळणं, जिना चढणं सगळं वेळेत झालं, जेवतो नीट, झोपतो नीट. आणि समजतं तर सगळंच. "बाबांची चप्पल आण" म्हटलं की दारातल्या पाच-सहा जोडांतून बरोबर बाबांचीच घेऊन येतो, आजोबा चष्मा शोधायला लागले की ते बोलायच्या आधी हाच टीव्हीखालच्या कप्प्यातून काढून देतो, "देवाला नमस्कार" म्हटलं की पळत देवघरात. पण बोलत नाही. काल रात्री तो झोपल्यावर वही घेऊन बसले आणि शब्द लिहून काढले. आई, बाबा, जीजी (आजी), मम्मं, भूर, माऊ, ताऊ म्हणजे काऊ, नाय, दे, टाटा, पापा म्हणजे पाणी, बा म्हणजे बॉल, भू म्हणजे कुठलंही चाक असलेलं वाहन, आणि 'हे'. एकूण चौदा. वही मिटली आणि झोपच लागली नाही.

आम्ही नाशिकला, घरात सहा जण, सासूसासरे, दीर, आम्ही तिघं. मी ऑफिसला जाते, दिवसभर तो आजीआजोबांकडे. जेवताना मोबाईलवर बडबडगीतं लागतात, साधारण अर्धा-पाऊण तास होत असेल दिवसाला दोन्ही जेवणं मिळून. सासूबाई म्हणतात ह्याचा बाबा तीन वर्षांचा होईपर्यंत असाच गप्प होता, नंतर थांबेना. शेजारच्या काकू म्हणतात वेखंड उगाळून मधातून चाटव, दुसऱ्या एक जण म्हणाल्या जिभेखालची दोरी कापून घ्या. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले मुलगे उशिराच बोलतात, तीन वर्षांपर्यंत वाट बघा. आणि परवा मैत्रिणीकडे गेलो होतो, तिची मुलगी याच्याहून दोन महिन्यांनी लहान, ती म्हणाली "आई मला आंबा कापून दे ना". माझा मुलगा शेजारी उभा राहून माझा ड्रेस ओढत होता आणि अं अं करत आंब्याकडे बोट दाखवत होता.

थांबायचं का? का काही करायचं? करायचं तर नक्की काय? अनुभव असतील तर प्लीज लिहा.

शेवंती

माझी मुलगी २० महिन्यांची आहे, अगदी हेच चित्र. तुम्ही लिहिलंत म्हणून मला धीर आला. इथे येऊन बसतेय.

निळंतळं

आमचा मुलगा साडेतीन वर्षांपर्यंत जेमतेम बोलायचा, आता दुसरीत आहे आणि वर्गात बाई त्याला गप्प बसवतात. प्रत्येक मुलाचा वेग वेगळा असतो ताई, तुम्ही नका घाबरू. सव्वादोन म्हणजे काहीच नाही.

माळरान

निळंतळं, तुमच्या मुलाचं छान झालं याचा आनंदच आहे पण मला इथे अगदी कळकळीने लिहावंसं वाटतंय की रानजाई, थांबू नका. आमच्या मुलीला सगळे "किती शांत आहे गं" म्हणायचे. आम्हालाही तेच वाटायचं. तिलाही समजायचं सगळं, निदान आम्हाला तसं वाटायचं, कारण आम्ही "चप्पल आण" म्हणताना चपलेकडे बघायचो, हात करायचो, ती आमचे डोळे वाचायची. आम्हालाही थांबा म्हणूनच सांगितलं गेलं होतं. अडीच वर्षांची झाल्यावर माझ्या आईने एक दिवस तिच्या पाठीमागे ताट आपटलं, ती दचकली, म्हणून आई म्हणाली ऐकू येतंय. मग तिच्या पाठीमागून हळू आवाजात नाव घेतलं, तर वळलीच नाही. दोनदा, तीनदा. बेरा टेस्ट (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी) केली, दोन्ही कानांना मध्यम प्रमाणात कमी ऐकू येत होतं. मोठे आवाज पोचायचे, बोलणं अर्धवट पोचायचं. मशीन लागलं, थेरपी लागली, आता ती पाच वर्षांची आहे आणि छान बोलते. पण ते मधलं एक वर्ष माझ्या मनातून जात नाही.

आधी कान तपासा. बाकी सगळं नंतर.

काजवा

मी स्पीच थेरपिस्ट आहे, लहान मुलांबरोबरच काम करते, बारा वर्षं झाली. माळरान यांनी लिहिलंय त्याला शंभर टक्के अनुमोदन. आता जरा सविस्तर लिहिते, लांबेल.

रानजाई, पहिली गोष्ट, तुम्ही वहीत शब्द लिहिलेत हे फार चांगलं केलंत, आणि 'भू', 'पापा', 'ताऊ' हे सुद्धा मोजलेत हे त्याहून चांगलं. शब्द म्हणजे मोठ्या माणसासारखा उच्चार नव्हे. एकाच गोष्टीसाठी दरवेळी तोच आवाज मुद्दाम काढला तर तो शब्द. सगळ्या गाड्यांना 'भू' म्हणणं किंवा सगळ्या चार पायांच्या प्राण्यांना 'भूभू' म्हणणं हे चुकणं नाही, त्याने गट पाडलाय, ही डोक्यातली मोठी उडी आहे.

समजणं आणि बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजणं नेहमी पुढे असतं, सगळ्याच मुलांचं. वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दीड वर्षापर्यंत थोडे थोडे साठत जातात आणि दुसऱ्या वाढदिवसापर्यंत साधारण ५० शब्द आणि दोन शब्द जोडणं, "बाबा गेला", "अजून दे", असं. लेस्ली रेस्कोर्ला नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ मध्ये पालकांनी भरायची एक शब्दयादी मांडली, ३१० शब्दांची, त्यात दोन वर्षांना ५० पेक्षा कमी शब्द किंवा दोन शब्दांची जोडणी नाही म्हणजे उशिरा बोलणारं मूल अशी खूण होती, आम्ही अजून तीच धरतो. अशी मुलं कमी नाहीत, दहात एखाद-दुसरं असतंच. आणि त्यातली बरीचशी पुढे गाठतातही, निळंतळं यांचा मुलगा त्यातलाच. पण आज समोर बसलेल्या मुलाकडे बघून हा गाठेल का नाही हे ठामपणे कुणीच सांगू शकत नाही, मी पण नाही, म्हणून 'थांबा' हा सल्ला मला पटत नाही. मुलगे मुलींपेक्षा थोडे उशिरा बोलतात हे खरंय पण तो फरक थोडा असतो, वर्षभराचा नसतो.

चांगली बाजू बघा. तो बोट दाखवतो, तुमचा ड्रेस ओढून आंबा दाखवतो, चष्मा आणून देतो. म्हणजे त्याला सांगायचंय, आणि ते कुणाला सांगायचं हेही कळतं. शब्दांच्या आधी हेच यावं लागतं. नावाने हाक मारल्यावर बघतच नसेल, वर्ष उलटूनही बोट दाखवत नसेल, नजर देत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर एक दिवसही थांबू नका. शेवटचं तर कुठल्याही वयात.

तर आधी श्रवण तपासणी. ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) ओएई, म्हणजे कानाची पहिली झटपट चाचणी, आणि गरज पडली तर बेरा. बेराला मूल झोपलेलं लागतं, त्यामुळे त्या दिवशी दुपारची झोप मोडून न्या. सर्दी-कान दुखणं वारंवार होत असेल तर तेही सांगा, मधल्या कानात पाणी साठलं की महिना महिना मूल कानात बोळे घातल्यासारखं ऐकतं आणि वरून काही दिसत नाही. जिभेच्या दोरीमुळे एखादा उच्चार अडू शकतो, पण शब्दच येत नाहीत असं होत नाही, त्यामुळे ती कापायच्या मागे लागू नका. वेखंडाने शब्द येत नाहीत. आणि वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात चाटवू नका.

आता घरात काय करायचं ते. तुमच्या घरात त्याला बोलायची गरज पडते का हे दोन दिवस नुसतं बघा. सहा मोठी माणसं… म्हणजे पाच, सगळ्यांचा जीव त्याच्यावर. त्याने अं केलं की पाणी, बोट केलं की डबा. सगळे त्याचं मन ओळखतात. हे प्रेमच आहे, पण त्यात त्याची पाळी येतच नाही. तुम्ही त्याच्या हातात वस्तू ठेवायच्या आधी थांबा, त्याच्याकडे बघत, चेहरा हसरा ठेवून, मनात दहा आकडे मोजा. दहा आकडे फार लांब वाटतात, घाई कराल, करू नका. त्याने काहीही आवाज काढला तर लगेच द्या आणि तो शब्द तुम्ही म्हणा. नाही काढला तरी द्या, शब्द म्हणा आणि द्या. अडवून ठेवायचं नाही, रडवायचं तर नाहीच.

रानजाई

काजवाताई, वाचून डोळ्यात पाणी आलं. माळरान, तुमचे पण खूप आभार. उद्याच अपॉइंटमेंट घेते. एक विचारायचं होतं, आम्ही सगळे त्याला सारखं विचारतो, हे काय? ते काय? आजीला आजी म्हण, काकांना नमस्ते म्हण. चार्ट पण आणलाय भिंतीवर लावायला, फळं, भाज्या, प्राणी. हे चालू ठेवू ना?

काजवा

'म्हण' हा शब्द महिनाभर घरातून बाहेर काढा. खरंच सांगते. पाहुणे आले की "म्हणून दाखव, म्हणून दाखव" सुरू होतं आणि मूल आईच्या मागे लपतं. 'हे काय' म्हणजे परीक्षा, तुम्हालाही माहीत आहे ते केळं आहे आणि त्यालाही माहीत आहे की तुम्हाला माहीत आहे, मग सांगायचं कशाला? त्याऐवजी जे चाललंय ते बोला. तो ज्याच्याकडे बघतोय त्याबद्दल बोला, तुम्हाला शिकवायचंय त्याबद्दल नाही. तो 'ताऊ' म्हणाला तर "ताऊ नाही, काऊ म्हण" असं नको. "हो, काऊ! काऊ उडाला" म्हणा. त्याचा एक शब्द घ्यायचा, आपला एक घालून परत द्यायचा. त्याने एक शब्द टाकला तर आपण दोन-तीन, त्याहून लांब नाही.

आणि चार्टवरच्या ड्रॅगनफ्रूटपेक्षा क्रियापदं द्या. नुसत्या नामांची यादी वाढवून वाक्य होत नाही, 'सफरचंद' आणि 'हत्ती' जोडून काय सांगणार तो? आपल्या मराठीची गंमत बघा, एकटं क्रियापद अख्खं वाक्य होतं. दे. उघड. ये. पडलं. संपलं. नको. 'बाबा' माहीत आहे, 'ये' आलं, की "बाबा ये" झालंच. आणि यासाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे स्वयंपाकघर. आजी दिवसभर त्याच्याबरोबर आहेत ना, त्यांच्या हातात केवढा खजिना आहे. सोलणं, चिरणं, किसणं, मळणं, लाटणं, निवडणं, पाखडणं, कुस्करणं, कालवणं, ढवळणं. इतकी बारीक क्रियापदं कुठल्या चार्टवर मिळणार?

मोबाईल जेवताना बंद. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की २ वर्षांपासून पुढे दिवसाला जास्तीत जास्त १ तास, त्याआधी नकोच. तुमचा वेळ त्याच्या आत आहे, पण मला वेळेपेक्षा जागा खुपतेय. जेवण ही दिवसातली सगळ्यात हमखास समोरासमोर बसायची वेळ आहे, तीच मोबाईलने घेतली. एक घास चिऊचा, एक घास काऊचा करताना आजी थांबते, मूल बघतं, तोंड उघडतं, आजी 'आ' म्हणते, मूल 'आ' म्हणतं. मोबाईल तुमच्या मुलासाठी थांबत नाही.

पारिजात_७

सीडीसीच्या (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) नव्या यादीत ५० शब्द अडीच वर्षांना लिहिलेत असं वाचलं होतं, मग २ वर्षांना ५० हा आकडा जुना झाला ना?

काजवा

बरोबर वाचलंत, २०२२ मध्ये त्यांनी यादी बदलली. पण ती बदलताना निकष असा घेतला की त्या वयाच्या ७५ टक्के किंवा जास्त मुलांना जे जमतं ते तिथे लिहायचं. म्हणजे तो सरासरीचा आकडा नाही, तिथपर्यंतही पोचला नाही तर नक्की दाखवा अशी खालची रेघ आहे. रानजाईंच्या मुलाला तीन महिन्यांत १४ वरून ५० वर जायचंय, तेव्हा कुठली पण यादी घेतली तरी आज सुरुवात करायचीच.

जुनी_पाटी

मी निवृत्त शिक्षिका, एकतीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. एक मुद्दा मांडते. मम्मं, भूर, माऊ, हम्मा हे सगळं आपणच शिकवायचं आणि नंतर आपणच सोडवायचं, असं का? पहिल्यापासून चिमणीला चिमणी आणि गाईला गाय म्हणावं, मुलांशी मोठ्यांसारखं स्वच्छ बोलावं असं माझं मत आहे. माझ्या दोन्ही मुलांशी मी तसंच बोलले.

काजवा

जुनी_पाटीताई, आदर राखून थोडं वेगळं सांगते. बाळबोलीचे शब्द बघा कसे आहेत, दोनच अक्षरं, तेच तेच आवाज, ओठांवरचे म, प, ब. बाळाच्या तोंडाला जे जमतं नेमकं तेच. शिवाय ते लांबवून, सुरात म्हणतो आपण, बाळ त्या सुराकडे वळतं. हे कुणी ठरवून केलेलं नाही, पिढ्यान् पिढ्या आज्यांच्या तोंडी घडलंय. ते राहू द्यावं. मात्र 'मम्मं' म्हटल्यावर तिथेच थांबू नये, "मम्मं हवं? चला, वरणभात खाऊ" एवढं पुढे जावं. आणि मुलाच्या बोबड्या उच्चाराची नक्कल मोठ्यांनी करू नये, तो गाडीला 'दायी' म्हणाला म्हणून आपण 'दायी आली दायी आली' करायचं नाही, त्याला खरा आवाज ऐकूच येत नाही मग. इथे मी तुमच्याच बाजूला आहे.

जुनी_पाटी

हे पटलं. म्हणजे मला जे खटकत होतं ते बोबडं बोलणं, बाळबोली नव्हे. पहिलीत 'क' च्या जागी 'त' आणि 'र' च्या जागी 'ल' बोलणारी मुलं यायची आणि त्यांच्या घरी सगळे कौतुकाने तसंच बोलत असायचे, त्या मुलांना लिहितानाही त्रास व्हायचा, ते डोळ्यासमोर होतं.

आंबोळी

मी कुडाळ तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. इथे सगळा घरचा विचार चाललाय म्हणून लिहिते, की न बोलणारं प्रत्येक मूल 'मागे' नसतं. आमच्याकडे एक मुलगा यायचा तीन वर्षांचा, दोन महिने तोंड उघडलं नाही. मी घरी गेले तर तो अंगणात कोंबड्यांच्या मागे धावत आईला ओरडून सांगत होता "माका पाणी होया". मी अंगणवाडीत "तुला पाणी पाहिजे का?" विचारायचे. दुसऱ्या दिवसापासून मी "तुका काय होया?" असं विचारायला लागले आणि आठवड्यात तो बोलला. पुढे 'पाहिजे' पण आलं, आपोआप आलं, 'होया' न काढता आलं. बोर्डीला ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये मुलांच्या अंगणात जाऊन बालवाडी भरवली होती असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं, तेव्हा ती नुसती माहिती वाटली, त्या कोंबड्यांच्या अंगणात ते खरं कळलं.

अजून एक, खर्चामुळे कुणी तपासणी टाळत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच हा कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं बघतात आणि वाढीतला उशीर, ऐकू कमी येणं हे त्यात येतं. पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवतात, पैसे लागत नाहीत. तुमचं मूल अंगणवाडीत जात नसलं तरी सेविकेला भेटा, नाव लिहून घेतील. मुंबईकडच्यांना वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे, वाक् आणि श्रवणासाठीच आहे ती.

दूरगाव

आम्ही जर्मनीत, श्टुटगार्टजवळ. घरात मराठी, किटात (पाळणाघरात) जर्मन, आम्ही दोघं एकमेकांशी कधी कधी इंग्रजी. मुलगी दोन वर्षांची असताना १५-२० शब्द होते आणि आम्हाला एकाने सांगितलं, एकच भाषा ठेवा, मराठी बंद करा, मूल गोंधळतंय. आम्ही घाबरून चार महिने तिच्याशी मोडक्या जर्मनमध्ये बोललो. ते दिवस आठवले की वाईट वाटतं. रात्री झोपवताना मला जर्मनमध्ये काही सुचायचंच नाही, मी गप्प बसायचे, आणि तीही. मग दुसऱ्या थेरपिस्ट भेटल्या त्यांनी सगळ्या भाषांतले शब्द एकत्र मोजायला सांगितलं. 'दूध' एक, 'बाल' (जर्मनमध्ये बॉल) एक, 'नाइन' (जर्मनमध्ये नाही) एक, 'भूर' एक. मिळून पन्नासच्या पुढे निघाले! दोन भाषांमुळे उशीर होत नाही, ज्या भाषेत तुम्हाला न अडखळता बोलता येतं त्यातच बोला असं त्यांनी सांगितलं. त्या रात्री मी तिला माझ्या आजोळच्या विहिरीची, तिथल्या कासवाची गोष्ट सांगितली, मराठीत, पाऊण तास. तिला किती कळलं देव जाणे, पण ती डोळे मोठे करून ऐकत होती.

काजवा

दूरगाव, तुम्ही लिहिलंत म्हणून एक सांगायचा मोह होतोय. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात तान्ह्या बाळांवर प्रयोग केला, त्यात हिंदीतला ट आणि त वापरला होता. इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना ट आणि त मधला फरक कळत होता, मोठ्या इंग्रजी माणसांना जो ऐकू येत नाही तो! आणि त्याच इंग्रजी घरांतली बाळं दहा-बारा महिन्यांची झाली की बहुतेकांचं ते गेलेलं असायचं, हिंदी घरातल्यांचं टिकायचं. म्हणजे पहिला शब्द यायच्या आधीच कान आपल्या भाषेला बसलेले असतात. त्यामुळे परदेशातल्या आयांनो, बाळ बोलत नाही तोवर मराठी बोलून काय उपयोग असं म्हणू नका, तेव्हाच तर उपयोग.

आणि पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी मँडरिन ऐकवली. माणूस समोर बसून खेळवत बोलला त्या बाळांनी ते आवाज पकडले, तेच व्हिडिओवर दाखवलं त्या बाळांनी काहीच नाही. जेवताना मोबाईल नको म्हणते ते यासाठी.

शेवंती

मग आजीबरोबरचा व्हिडिओ कॉल पण नको का? माझी आई जळगावला आहे, आम्ही हैदराबादला, रोज तेवढाच आधार आहे हो.

काजवा

तो नक्की करा! तिथे आजी उत्तर देते, तुमची मुलगी हसली की आजी हसते, तिने वाटी दाखवली की आजी वाटीबद्दल बोलते. पाळी येते-जाते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सुद्धा दीड वर्षाखालच्या बाळांना स्क्रीन नको म्हणताना व्हिडिओ कॉल वगळलाय. फक्त शेजारी तुम्ही बसा.

रानजाई (१९ दिवसांनी)

मंडळी, अपडेट. कानाची टेस्ट झाली. त्या दिवशी पहाटे पाचला उठवलं त्याला, रिक्षात गाणी म्हणत जागं ठेवलं, आणि तिथे पोचल्यावर मांडीवर गाढ झोपला. ऐकू व्यवस्थित येतंय, दोन्ही कान. थेरपिस्ट पण बघितल्या, आठवड्यातून एकदा जायचंय, बाकी काम घरातच असं म्हणाल्या.

काजवाताई, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला होता. त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं वाईट वाटलं त्यांना, कारण अं केलं की हातात देणाऱ्यांत त्या पहिल्या. पण शनिवारी दुपारी काय झालं ते लिहितेच.

ओट्यावर शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबा असतो. हा आला, पदर ओढला, बोट वर, अं अं. त्यांनी डबा खाली घेतला, झाकण घट्टच ठेवलं आणि जमिनीवर मांडी घालून बसल्या, डबा मांडीत. काही बोलल्या नाहीत. मी दारात भांडी पुसत होते ती थांबले. त्याने झाकणाला बोटं लावली, निघेना. आजीकडे बघितलं. आजी नुसती हसून बघतेय, भुवया वर. त्याने डबा हलवला, आत खुळखुळलं. परत बघितलं. आणि मग ओठ पुढे आले, तोंडाची सगळी जुळवाजुळव दिसत होती मला, आणि म्हणाला "उघ". सासूबाई म्हणाल्या "उघड? उघडू? उघडला!" आणि झाकण काढलं. त्याने एक खाल्ली आणि स्वतःच झाकण परत लावलं. "उघ." परत काढलं. परत लावलं. अकरा वेळा. खायची पर्वाच नव्हती त्याला.

आता घरातलं सगळं 'उघ' आहे. दार उघ, नळ उघ, छत्री उघ, काल आजोबांचे मिटलेले डोळे पण उघ.

माळरान

किती वेळा वाचलं हे. कान चांगले आहेत हे वाचून खूप खूप बरं वाटलं.

जुनी_पाटी

"दार उघ" म्हणजे दोन शब्द जोडले की हो त्याने! ते नोंदवलंत का वहीत?

रानजाई

अगबाई. नाही. आत्ता लिहिते.

रानजाई (४ महिन्यांनी)

धागा वर काढतेय. आता २ वर्षं ८ महिने. वहीत ५० झाले तेव्हा पान दुमडून ठेवलं होतं, १३० पर्यंत लिहिले आणि मग मोजणं सोडलं, कारण सकाळी लिहावं तर दुपारी नवीन. मोबाईल जेवताना बंद आहे, पहिले सहा दिवस फार जड गेले, मग विसरला. आजी आणि तो रोज दुपारी एकत्र भाजी निवडतात, मेथीची काडी तो 'नको-नको' म्हणून वेगळी ठेवतो. कणकेचा गोळा हातात घेऊन "आजी मळ, मी लाट" असं कामाचं वाटप करतो. बाहेरच्या माणसांना अजून निम्मंच कळतं त्याचं. काजवाताई, ते कधी स्पष्ट होईल?

आणि एक शंका, तो सगळं मुलींसारखं बोलतो. मी येते, मी खाते, मी पडली. 'गेला' ऐवजी 'जाला' आणि 'केलं' ऐवजी 'करलं' म्हणतो. सुधारायचं का?

काजवा

दोन वर्षांना बाहेरच्या माणसाला साधारण निम्मं कळावं, तीनला पाऊण, चारला जवळजवळ सगळं, तेव्हा तो वाटेवर आहे. र, ळ, ण यांना वेळ लागतो, घाई नको.

'करलं' आणि 'जाला' ऐकून मला तर फार आनंद झाला. हे त्याने कुणाकडून ऐकलेलं नाही ना? घरात कुणी 'करलं' म्हणत नाही. म्हणजे तो पाठ करत नाहीये, नियम स्वतः काढतोय, हसलं बसलं सारखं करलं. "हो, तू केलंस" एवढंच म्हणत राहा.

आणि 'मी येते' हे मराठी घरातल्या मुलग्यांमध्ये नेहमी दिसतं. दिवसभर आई आणि आजी 'मी येते, मी देते' म्हणतात, तो 'मी' ला लागून जे येतं ते जसंच्या तसं उचलतो. बाबांना आणि आजोबांना सांगा, त्याच्याशी बोलताना 'मी येतो, मी देतो' जरा जास्त वेळा कानावर पडू दे. बाकी काही नको, जाईल ते.

पंचगंगाकाठ

आमच्या कोल्हापूरकडं बायका पण 'मी येतो', 'मी जेवलो' म्हणतात, त्यामुळं आमच्या मुलग्यांना ही अडचण येत नाही, पोरींना पुण्यात शाळेत गेल्यावर येते :)

रानजाई

आज सकाळचं. ह्याच्या बाबाला सगळं सांगितलं होतं, त्यामुळे ऑफिसला निघताना दारात उभं राहून तो जरा जास्तच मोठ्याने म्हणाला, "मी येतो हं!" हा आतून पळत आला, हातात बाबाची चप्पल, ती खाली ठेवली आणि स्वतःच्या सँडलमध्ये उलटे पाय घालत म्हणाला, "बाबा येतो. थांब. मी पण येते."